रियाज आणि रियाजी



उर्दूत गणिताला ‘रियाजी’ म्हणतात आणि गवयाच्या रोजच्या मेहनतीला ‘रियाज’ म्हणतात. आपल्यापैकी अनेकांनी हे दोन्ही शब्द ऐकलेले आहेत. परंतु ते एकाच अरबी धातूपासून निघालेले आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या धातूचा मूळ अर्थ वळण लावणे, सरावाने तयार करणे असा आहे. नाठाळ शिंगराला चालीवर आणण्यासाठीही अरबीत त्याच धातूचे क्रियापद वापरतात. बुद्धीला वळण लावणारी विद्या ती रियाजी, आणि गळ्याला वा हाताला वळण लावणारी मेहनत तो रियाज. शब्दांचे हे नाते केवळ योगायोगाचे नाही. एके काळी ज्ञानाच्या जगात या दोन गोष्टी खरोखरच एका छपराखाली नांदत होत्या.

हा विषय येथे मांडण्याचे कारण असे की, मूल आठवी-नववीत गेले की आपल्या घरांतून दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. पहिले मत असे की, गाणे-वाजवणे, नात किंवा कौमी तराना बसवणे, हे सारे आता बंद. विज्ञान आणि गणित यांतच लक्ष घातले पाहिजे, कारण दहावीचे वर्ष जवळ आले. दुसरे मत अलीकडचे आहे. संगीत ऐकवले की मुलांची बुद्धी वाढते व मार्क वाढतात, असे कोठेतरी वाचून काही पालक त्यामागे लागतात. पहिल्या मतात संगीत हा विद्येचा शत्रू ठरतो, दुसऱ्यात तो विद्येचे टॉनिक ठरतो. ही दोन्ही मते घाईची आहेत. म्हणून प्रथम इतिहास काय सांगतो ते पाहू, आणि मग मेंदूविषयीचे अलीकडचे संशोधन काय सांगते ते पाहू.

बगदादचा शिक्षणक्रम

खलिफा मामून याच्या कारकिर्दीत (इ. स. ८१३ ते ८३३) बगदाद येथील ‘बैतुल हिकमत’ हे विद्येचे मोठे केंद्र होते. ग्रीक, फारसी आणि भारतीय ग्रंथांची अरबीत भाषांतरे होत होती. या काळातील तीन भावांची हकिकत विद्यार्थी मित्रांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. मुहम्मद, अहमद आणि हसन ही त्यांची नावे. त्यांचे वडील मूसा बिन शाकिर हे लवकर वारले. मामूनने या पोरक्या मुलांच्या पालनाची आणि शिक्षणाची व्यवस्था केली आणि त्यांना बैतुल हिकमतच्या विद्वानांकडे सोपविले. पुढे हेच ‘बनू मूसा’ या नावाने भूमिती, खगोल आणि यंत्रविद्या यांत प्रसिद्ध झाले. इ. स. ८५० च्या सुमाराचा त्यांचा ‘किताबुल हियल’ हा ग्रंथ चतुर यंत्रांविषयी आहे. त्यांच्या एका वेगळ्या पुस्तिकेत आपोआप वाजणाऱ्या वाद्याचे वर्णन आहे. पाण्याच्या शक्तीने हवा फुंकली जाते, फिरत्या नळकांड्यावर बसविलेल्या खुंट्या बासरीची छिद्रे ठराविक क्रमाने उघडतात आणि मिटतात. खुंट्यांची जागा बदलली की सूर बदलतात. यंत्राला आधी क्रम ठरवून द्यायचा आणि त्याने तो पाळायचा, ही आजच्या संगणकामागची कल्पना अकराशे वर्षांपूर्वी एका वाद्याच्या रूपाने मांडली गेली होती.

त्याच शतकात होऊन गेलेले अल्-किंदी (सुमारे ८०१ ते ८७३) यांनी भारतीय अंकपद्धतीवर लिहिले, गुप्त लिपी उलगडण्याच्या रीतीवर लिहिले आणि संगीतावरही अनेक प्रबंध लिहिले. ऊद नावाच्या तंतुवाद्यावर बोट कोठे ठेवले असता कोणता सूर निघतो, हे त्यांनी गणिताने मांडले. अक्षर मोजून लिपी उलगडणारा आणि तार मोजून सूर उलगडणारा माणूस एकच होता, हे ध्यानात घ्यावे.

परंतु या विषयातील सर्वांत मोठे नाव अबू नस्र अल्-फाराबी (सुमारे ८७० ते ९५०) यांचे होय. ‘इहसाउल उलूम’ म्हणजे विद्यांची गणती या ग्रंथात त्यांनी गणिताच्या सात शाखा सांगितल्या आहेत: अंकगणित, भूमिती, प्रकाशशास्त्र, खगोल, संगीत, वजनांचे शास्त्र आणि यंत्रविद्या. संगीत येथे करमणुकीच्या यादीत नाही. ते खगोल आणि वजनांचे शास्त्र यांच्यामध्ये बसलेले आहे. ‘किताबुल मूसिकी अल्-कबीर’ हा त्यांचा प्रचंड ग्रंथ संगीतशास्त्रावरच आहे. फाराबी हे स्वतः वाद्य वाजवणारे होते. आपल्या वादनाने त्यांनी दरबारास आधी हसविले, मग रडविले आणि शेवटी झोपविले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवू; त्यांच्या विचारपद्धतीकडे पाहू.

ग्रीकांमधील पायथागोरसचे अनुयायी असे मानीत की, ग्रह आकाशात फिरताना मधुर ध्वनी काढतात. नामवंतांचे हे मत होते. फाराबींनी ते नाकारले. त्यांनी असेही म्हटले की, आधी गाणारे-वाजवणारे आले आणि त्यानंतर त्यांच्या अनुभवावरून शास्त्र निर्माण झाले. खुरासानच्या आणि बगदादच्या तंबूरावर पडदे कोठे कोठे बांधतात, हेही त्यांनी वाद्ये पाहून नोंदविले. याचा अर्थ असा की, हिशेब कितीही सुंदर असला तरी तो कानाने आणि हाताने पडताळून पाहायचा. विज्ञानाची वृत्ती म्हणतात ती हीच.

दहाव्या शतकात बसरा येथे ‘इख्वानुस्सफा’ नावाची विद्वानांची मंडळी होती. त्यांनी ज्ञानकोशासारखे ५२ रिसाले लिहिले. त्यांतील पहिले १४ गणितविषयक असून पाचवा रिसाला संगीताचा आहे. त्यात ध्वनी हवेतून कसा पसरतो हे समजावताना काचकाराचा दाखला दिला आहे. काचकाराने नळीतून फुंकर घातली की तापलेली काच सर्व बाजूंनी गोलाकार फुगत जाते, त्याप्रमाणे आघात झाला की हवा चोहीकडे गोलाकार पसरते. ध्वनिलहरींचा पाठ शिकवताना आजच्या शिक्षकांनीही हा दाखला वापरावा, इतका तो सोपा आहे.

मग इब्ने सीना (९८० ते १०३७). त्यांच्या बालपणाची हकिकत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. दहाव्या वर्षी कुराण शरीफ मुखोद्गत झाले. भारतीय पद्धतीचे अंकगणित ते एका भाजीविक्याकडून शिकले. सोळाव्या वर्षापर्यंत वैद्यकाचा अभ्यास झाला होता. त्यांच्या ‘किताबुश्शिफा’ या ग्रंथाच्या गणित विभागात भूमिती, अंकगणित, संगीत आणि खगोल असे चार भाग आहेत. त्यांचा वैद्यकावरील ‘कानून’ हा ग्रंथ युरोपातही शतकानुशतके शिकवला गेला. त्यात नाडीपरीक्षा सांगताना ते म्हणतात की, नाडीमध्ये संगीताचा गुण आहे. ठोक्यांचा जोर, त्यांतील अंतर आणि त्यांचे परस्परांशी प्रमाण हे लयीच्या प्रमाणांसारखे जाणून घ्यावे लागते. तबल्याची मात्रा मोजणे आणि रोग्याची नाडी मोजणे यांत त्या थोर हकिमाला नाते दिसत होते.

इ. स. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद उद्ध्वस्त केले. त्या प्रलयातून वाचलेल्यांपैकी एक सफीउद्दीन उर्मवी (निधन १२९४) हे होते. ते सुलेखनकार होते, ऊद वाजवणारे होते आणि सप्तकाचे १७ भागांत गणिती विभाजन मांडणारा ‘किताबुल अदवार’ हा ग्रंथ त्यांचाच. पुढील कित्येक शतके इराणपासून तुर्कस्थानपर्यंतच्या पंडितांनी त्याचा आधार घेतला.

युरोपात काय झाले?

फाराबींच्या ‘विद्यांची गणती’ या ग्रंथाचे बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदो येथे लॅटिनमध्ये भाषांतर झाले. युरोपच्या जुन्या विद्यापीठांतूनही अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार विद्या एकत्र शिकविल्या जात. म्हणजे हा विचार एका धर्माचा वा एका देशाचा नव्हता. त्या काळच्या सुशिक्षित जगाचा तो सामान्य विचार होता.

त्याचे फळ कसे मिळाले याचे एक उदाहरण देतो. गॅलिलिओ (१५६४ ते १६४२) यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. त्यांचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई हे ल्यूट वाजवणारे होते. आणि ल्यूट हे नावच मुळी ‘अल्-ऊद’ या अरबी शब्दावरून पडले आहे. जुन्या पुस्तकांत लिहिलेले असे की, तारेला दुप्पट वजन टांगले की तिचा सूर बरोबर एक सप्तक वर जातो. हे वाक्य शतकानुशतके जो तो पायथागोरसच्या नावावर सांगत आला. विन्चेन्झोने खरोखरच वजने टांगून पाहिली. तेव्हा दुप्पट नव्हे, चौपट वजन लागते असे दिसून आले. १५८९ साली त्याने हे प्रसिद्ध केले. त्या वेळी गॅलिलिओ पंचविशीत होते. आणि ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नका, करून पाहा, हा धडा त्यांना घरातच, वडिलांच्या वाद्यापाशी मिळाला, असे काही इतिहासकार मानतात. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात गॅलिलिओंनी तारेची लांबी, ताण आणि जाडी यांचा सुराशी असलेला संबंध सांगितला आहे.

आज आपली मुले-मुली बारावीच्या प्रयोगशाळेत सोनोमीटरवर तार ताणून, खाली वजने टांगून, मधली घोडी सरकवून जे नियम पडताळतात ते हेच. लाकडी पेटीवर ताणलेली ती एक तार म्हणजे पायथागोरस, फाराबी आणि गॅलिलेई यांचीच तार आहे. जर्नल पुरे करण्यासाठी आकडे उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा कान लावून तिचा सूर ऐकला, तर त्या आकड्यांना अर्थ येईल.

मिरजेची जवारी आणि रामन

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मिरज हे गाव सतारी आणि तंबोरे यांसाठी प्रसिद्ध आहे. ही कला तेथे रुजविली ती एकोणिसाव्या शतकातील फरीदसाहेब सितारमेकर यांनी. हे घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रे घडविणारे व त्यांना पाणी देणारे. तलवारींचे दिवस गेले. तेव्हा त्याच हातांनी भोपळा, लाकूड आणि तार हाती घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हा या कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या मेहनतीचा गौरव होय.

तंबोऱ्यात सर्वांत नाजूक काम जवारीचे. घोडीचा माथा किंचित गोलसर घासून त्यावर तार अशी टेकवतात की ती कंपताना पृष्ठभागाला अलगद स्पर्श करीत राहते. तारेखाली बारीक सुती दोरा सरकवून नेमकी जागा साधतात. जागा साधली की तंबोरा ‘बोलतो’, एका तारेतून अनेक सूर झंकारू लागतात. हे कारागिराला कानाने ठाऊक होते. पण हे घडते कसे? चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात या प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९२१ साली तो प्रसिद्ध केला. युरोपात मान्य झालेला नियम असा होता की, तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर उमटत नाही. रामन यांना आढळले की वीणा आणि तंबोरा या वाद्यांत ते उपस्वरही जोरकसपणे उमटतात, आणि त्याचे कारण ती विशिष्ट घोडी आहे. तत्पूर्वी १९२० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मृदंग व तबला यांविषयी दाखविले होते की, साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर परस्परांशी जुळत नाहीत. परंतु मध्यभागी शाई चढविली की ते पूर्णांकांच्या प्रमाणात येतात आणि म्हणून तबला सुरात लावता येतो. प्रकाशावरील संशोधनासाठी १९३० साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या शास्त्रज्ञाने आपल्या देशातील कारागिराच्या हातातील विज्ञान ओळखले होते.

मिरजेचेच आणखी एक नाव. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२ ते १९३७) हे मिरजेस स्थायिक झाले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ श्रुतींचा गणिताने शोध घेत होते. खाँसाहेबांनी त्यांच्यापुढे गावे आणि देवलांनी तारेच्या लांबीवरून त्या सुरांची प्रमाणे काढावीत, असे ते काम चालले. देवलांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. पुढे इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांच्या सहकार्याने २२ श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर जाणत्या मंडळींनी आक्षेप घेतले. त्यात वाईट काहीच नाही. दावा चारचौघांपुढे मांडायचा आणि तपासू द्यायचा, हाच शास्त्राचा मार्ग आहे. एका मुसलमान गवयाचा गळा आणि एका हिंदू गृहस्थाचे गणित एका कामासाठी एकत्र आले, हेही आपण विसरू नये. मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी आजही खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गायन-वादन होते.

एक नाजूक प्रश्न

येथे काही वाचकांच्या मनात प्रश्न येईल की, आपल्या धर्मात संगीताला परवानगी कितपत आहे? या बाबतीत उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत. काहींनी वाद्यांना सक्त मनाई सांगितली आहे. इमाम गजाली (१०५८ ते ११११) यांनी ‘इह्या’ या ग्रंथात समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहून, कोणत्या परिस्थितीत ते योग्य आणि कोणत्या परिस्थितीत अयोग्य, याची तपशीलवार चर्चा केली आहे. या लेखाचा हेतू फतवा देण्याचा नाही. तो अधिकारही लेखकाचा नाही. प्रत्येक कुटुंबाने आपल्या श्रद्धेप्रमाणे निर्णय घ्यावा.

परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. ध्वनीचे शास्त्र शिकणे आणि कान तयार करणे यांस कोणाचाही विरोध नाही. उलट आपल्या मुलांना ही तालीम लहानपणापासून मिळतच असते. तजवीदसह किराअत शिकणारे मूल प्रत्येक हर्फ कंठातून, टाळूवरून की ओठांवरून उमटतो हे शिकते. कोठे दोन हरकती लांबवायचे, कोठे चार वा सहा, हे मोजते. किराअत म्हणजे संगीत नव्हे, आणि तसे म्हणणे योग्यही होणार नाही. पण बारकाईने ऐकणे, काळ मोजणे आणि चूक झाली तर पुन्हा म्हणणे ही शिस्त मात्र तीच आहे. मदरशात ही शिस्त अंगी बाणवणाऱ्या मुलाला ‘गणितात डोके नाही’ असे म्हणण्यापूर्वी पालकांनी आणि शिक्षकांनी थोडा विचार करावा.

किशोरवयातील मेंदू

आता आजचे विज्ञान काय म्हणते ते पाहू. पूर्वी समजूत अशी होती की, मेंदूची घडण बालपणीच पुरी होते. गेल्या तीसेक वर्षांत मेंदूची चित्रे काढणाऱ्या यंत्रांमुळे हे मत बदलले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील संशोधनात त्याच मुलांच्या मेंदूची चित्रे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा घेतली होती. पुढच्या भागातील करड्या पेशीद्रव्याचे प्रमाण साधारण अकरा-बाराव्या वर्षापर्यंत वाढते आणि मग कमी होऊ लागते, असे त्यात दिसले. ही घट म्हणजे नुकसान नव्हे. माळी झाडाची छाटणी करतो तशी ही क्रिया आहे असे शास्त्रज्ञ मानतात. जे मार्ग वापरात असतात ते पक्के होतात आणि जे वापरात नसतात ते गळतात. विचार करणे, बेत आखणे, मनावर ताबा ठेवणे यांचे केंद्र तर पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत असते. म्हणून आठवी ते बारावी हा काळ सवयी बसण्याचा काळ आहे.

या काळात संगीताचा काय उपयोग होतो? शिकागो भागातील गरीब वस्त्यांतील शाळांतील ४० विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थी शाळेतच वाद्यवृंद शिकत होते, काही आपल्या एन. सी. सी. सारखे कवायतीचे शिक्षण घेत होते. तीन वर्षांनी तपासले तेव्हा वाद्य शिकणाऱ्यांच्या मेंदूचा ध्वनीला मिळणारा प्रतिसाद अधिक स्थिर राहिलेला आढळला, आणि शब्दांतील ध्वनी वेगळे ओळखण्याच्या कौशल्यातही ते पुढे होते. लक्षात घ्या, ही मुले श्रीमंतांची नव्हती आणि त्यांनी लहानपणापासून शिकवणी लावलेली नव्हती. नववीच्या सुमारास सुरुवात करूनही फरक दिसला.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांच्या निकालांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. शाळेत संगीत, विशेषतः वाद्य, शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी, गणित आणि विज्ञान या विषयांतील गुण सरासरीने चांगले होते. घरची आर्थिक स्थिती आणि आधीचे गुण विचारात घेऊनही संबंध टिकून राहिला.

हे वाचून कोणी लगेच पेटी विकत आणायला धावू नये. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. जे मूल चिकाटीने रोज सराव करते ते वाद्यही शिकेल आणि गणितही करील. श्रेय चिकाटीचे असू शकते. २०२० साली ५४ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे सात हजार मुलांवरील प्रयोगांचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात असे आढळले की, प्रयोग जितका काटेकोर, तितका संगीताने बुद्धी वा गुण वाढल्याचा पुरावा क्षीण. १९९३ साली ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टचे संगीत ऐकवून केलेल्या प्रयोगाचा जगभर गाजावाजा झाला. त्यातील परिणाम पंधरा मिनिटेही टिकला नव्हता. पण त्यावरून बाळांना बुद्धिमान करणाऱ्या ध्वनिफितींचा बाजार उभा राहिला. अशा जाहिरातींपासून पालकांनी दूर राहावे. नुसते ऐकून कोणी शास्त्रज्ञ होत नाही.

तर मग इतिहास आणि संशोधन यांचा मेळ कसा घालायचा? माझ्या मते उत्तर सोपे आहे. फाराबींनी संगीताला गणितात बसविले ते गणिताचे मार्क वाढावेत म्हणून नव्हे. अपूर्णांक, प्रमाण, कंपन आणि लहरी या गोष्टी जेथे कानाला ऐकू येतात, बोटाला जाणवतात आणि चूक झाली तर ताबडतोब समजते, असे ते ठिकाण आहे म्हणून. फळ्यावर ३/४ लिहिले तर मुलाला तो एक आकडा वाटतो. तोच अपूर्णांक तारेवर मध्यम होऊन वाजला, तर तो त्याच्या ओळखीचा होतो.

आपण काय करू शकतो?

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रयोग घरीच करा. खर्च जवळजवळ नाही. एका लाकडी फळीवर ६० सेंटिमीटर अंतरावर दोन पाचरी ठेवून त्यांवरून बारीक पोलादी तार घट्ट ताणा. मोकळी तार छेडा. तो तुमचा षड्ज. आता तारेखाली आणखी एक पाचर सरकवून कंपणारा भाग ३० सेंटिमीटर करा. वरच्या सप्तकाचा षड्ज ऐकू येईल. ४० सेंटिमीटर केला की पंचम, ४५ सेंटिमीटर केला की मध्यम. वहीत प्रत्येक लांबीचे ६० शी प्रमाण मांडा: एक द्वितीयांश, दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश. मग डोळे मिटून, नुसत्या कानाने पंचमाची जागा शोधा आणि पट्टीने मोजा. तुमची चूक किती मिलिमीटरची झाली ते लिहा. दहा वेळा करा आणि सरासरी काढा. मोजमाप, चूक आणि सरासरी, म्हणजे विज्ञानाचा निम्मा अभ्यासक्रम या एका तारेवर आहे.

पालकांनो, आपल्याला तीन विनंत्या आहेत. पहिली, मूल नववीत गेले म्हणून त्याचा आवडता सराव, मग तो किराअतीचा असो, नातचा असो, तबल्याचा असो की चित्रकलेचा, एकदम बंद करू नका. वेळ ठरवून द्या. रोज अर्धा तास नेमाने बसण्याची सवय त्याच्या गणिताच्या वहीलाही लागू पडते. दुसरी, ही मुभा मुलाइतकीच मुलीलाही द्या. प्रयोगशाळेतली तार कोणाच्या बोटाने छेडली जाते हे पाहून सूर बदलत नाही. तिसरी, संगीताने वा अन्य कशाने बुद्धी वाढविण्याचे आश्वासन देणाऱ्यांना पैसे देण्यापूर्वी शाळेतील विज्ञान शिक्षकांना विचारा.

शिक्षक बंधू-भगिनींनी ध्वनीचा पाठ शिकवताना वर्गात एकदा तबला वा तंबोरा आणावा; ज्या शाळेत ते शक्य नसेल तेथे सोनोमीटर पुरेसे आहे. आणि त्या पाठात फाराबी, गॅलिलिओ व रामन यांच्यासोबत मिरजेच्या कारागिरांचेही नाव घ्यावे. आपल्या मुलांना कळू द्या की, विज्ञान ही परक्यांकडून उसनी आणलेली वस्तू नाही. ज्या विद्वानांची नावे आपण अभिमानाने घेतो, त्यांनी ती विद्या भारताकडून, ग्रीसकडून, भाजीविक्याकडून, जेथून मिळेल तेथून घेतली, तपासली, वाढविली आणि पुढे दिली.

नुसत्या नावांचा अभिमान बाळगून मात्र भागणार नाही. बनू मूसा पोरके होते. कोणीतरी त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली म्हणून त्यांची नावे राहिली. इब्ने सीनांनी भाजीविक्यापुढे बसून हिशेब शिकण्यात कमीपणा मानला नाही. भारताचे माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम (१९३१ ते २०१५) हे रामेश्वरमच्या एका नावाड्याच्या घरात वाढले, अग्निबाणांचे शास्त्रज्ञ झाले आणि वीणाही वाजवीत. अशी मुले आजही आपल्या मोहल्ल्यांत, वाड्यांत आणि गावांत आहेत. त्यांना रियाजाची सवय आणि रियाजीची गोडी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाव्यात एवढी व्यवस्था घराने, शाळेने आणि समाजाने केली, तर बाकीचे काम ती मुले स्वतःच करतील, अशी उमेद आहे. परवरदिगार आपल्या सर्वांच्या प्रयत्नांना यश देवो.